राखीलची शिवण

कोट जीवन गावातल्या शिलाईघरात सकाळ उगवायची ती मेणाच्या वासानं. बायका यायच्या, दारात चपला सोडायच्या, ओढण्या कानामागं खोचायच्या आणि बुटक्या स्टुलांवर बसून धाग्याला मेण ओढायला लागायच्या. मग गुडघ्यांत लाकडी चिमटा, चिमट्यात चामड्याचे दोन तुकडे तोंडाला तोंड लावून, आणि एकाच धाग्याच्या दोन टोकांना दोन सुया. सुया समोरासमोरून एकाच भोकात शिरायच्या, आणि टाका आवळताना प्रत्येक बाईचे दोन्ही हात पाखरानं पंख उघडावेत तसे उघडायचे. दारातून बघणाऱ्याला वाटावं, बगळ्यांचा थवा उडायच्या बेतात आहे आणि कुणी तरी त्याला गुडघ्यापाशी बांधून ठेवलंय.

सियालकोटचे फुटबॉलचे चेंडू जगभर जातात, त्यातले थोडे इथून जायचे. तुकड्यांची पोती टेम्पोतून उतरवून घ्यायची, बायकांना वाटायची, शिवलेला चेंडू दाबून, उलटसुलट करून बघायचा आणि पुन्हा पोत्यात भरायचा, हे काम नुझहतचं. ती इथली मुकादम. सगळ्या तिला बाजी म्हणायच्या, तिच्याहून मोठ्या होत्या त्याही. किल्ल्या तिच्या कमरेला असायच्या आणि तिच्या शब्दाला किल्लीसारखंच वजन होतं.

हात चालायचे तशी तोंडंही चालायची. कुणी तरी गुणगुणायला लागायचं, बाकीच्या उचलून धरायच्या:

एका धाग्याला गं बाई, सुया दोहीकडं,
एक येते तुझ्याकडं, एक माझ्याकडं.

ही चाल राखीलनं आणलेली. तिच्या गिरजाघरात त्याच चालीवर दुसरंच काही गायचे म्हणे, पण बायकांनी आपले शब्द घातले आणि चाल सगळ्यांची झाली. राखील ख्रिस्ती वस्तीतून येणारी एकटीच. जेवायला ती दाराशी बसायची. ऊन चांगलं लागतं म्हणून, असं ती म्हणायची, आणि उन्हाळ्यातही तिला कुणी आत बोलावलं नव्हतं. ती डावखुरी होती. तिचा टाका सगळ्यांच्या उलट बाजूला कलायचा, त्यामुळं तिचा चेंडू हजारांत ओळखू यायचा. झुबैदाखाला, सगळ्यांत म्हातारी, तिला त्यावरून छेडायची.

"काय गं, तुझा टाका उलटा, तुझी वेणी उलटी. नवरापण उलटाच चालतो का?"

"चालतो कुठं, खाला," राखील मान वर न करता म्हणायची. "सासूबाईंनी मागून ढकलला तर हलतो."

त्या वर्षी थंडीच्या तोंडाला मोठं काम आलं. परदेशात कसली तरी स्पर्धा होती आणि चेंडूच्या प्रत्येक तुकड्यावर एकेका देशाचा झेंडा छापलेला होता. पोतं ओतलं तेव्हा बायका पोरींसारख्या हरखल्या. हा कुणाचा, तो कुणाचा, ह्यावर झाडाचं पान कसं, त्यावर सूर्य का. मग झुबैदाखालाचा हात थांबला. हिरवा तुकडा, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत कलमा, अल्ला एकच म्हणणारी ती पवित्र ओळ.

तिनं तो ओठांना लावला, डोळ्यांना लावला आणि उठून भिंतीतल्या उंच फळीवर नेऊन ठेवला. ह्याला मी सुई लावणार नाही, म्हणाली. लाथा खायच्या वस्तूत तर नाहीच नाही. तिचं बघून दुसरीनं ठेवला, मग तिसरीनं. दुपारपर्यंत फळीवर हिरवा ढीग झाला, आणि खाली प्रत्येकीच्या चिमट्यात एक जागा उघडी राहिलेले चेंडू.

नुझहतनं ठेकेदाराला फोन लावला. तो आधी चुकचुकला, मग म्हणाला की हे चेंडू खेळायचे नव्हेतच, तिकडचे साहेब लोक काचेच्या कपाटात ठेवतात. मग आवाज खाली आणून म्हणाला की माल वेळेवर गेला नाही तर हिवाळाभर तुमच्याकडं पोतं उतरणार नाही, मग बसा फळीकडं बघत. फोन ठेवून नुझहतनं फळीवरच्या ढिगाकडं बघितलं. बायका तिच्याकडं बघत होत्या. तिची नजर फिरत फिरत दाराशी गेली.

"राखील शिवेल," ती म्हणाली. खिडकी लावून घे म्हणावं इतक्या सहज म्हणाली.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. खरंच की, तिला कुठं पाप लागतं. एक जण हसून म्हणाली, घरात एक ख्रिस्तीण असावीच बाई, अडीनडीला. राखीलही हसली. मग तिचं हसू जरा अर्ध्यावर थांबलं.

"बाजी, तुम्ही म्हणताय म्हणून शिवते. पण मला काही होणार नाही ना?"

"मी आहे ना," नुझहत म्हणाली.

त्या दिवसापासून प्रत्येक चेंडू तेवढी एक जागा उघडी ठेवून राखीलकडं यायला लागला. ती सकाळी आल्याबरोबर, काही खाण्याआधी, ते काम हातात घ्यायची. कोपरापर्यंत हात धुवायची. चिमट्याच्या दोन्ही ओठांवर धुतलेलं फडकं गुंडाळायची, अक्षरांना लाकूड लागू नये म्हणून. सुई फक्त काठाच्या भोकांतून जायची, तरी प्रत्येक टाक्याला तिचे ओठ हलायचे. माफी मागत असावी. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. झुबैदाखाला एकदा ते बघत राहिली आणि मग तिनं तोंड फिरवलं.

झुबैदाखालाचा भाचा वकास तिची विसरलेली औषधाची पुडी द्यायला आला तो असाच एका सकाळी. चौकात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. आधीच्या आठवड्यात राखीलच्या नवऱ्याशी त्याची कसल्याशा फोनवरून हमरीतुमरी झालेली. दारात पाऊल ठेवलं आणि त्याच्या नजरेला पडलं ते एवढंच: ख्रिस्ती बाईचे दोन गुडघे, आणि गुडघ्यांच्या मधे कलमा.

तो ओरडला नाही. आधी त्यानं फोटो काढला.

दुपारच्या नमाजाला अवकाश होता तरी मशिदीचा भोंगा खरखरला. मग गल्लीत पावलं वाजायला लागली. एक, दोन, मग मोजता येऊ नयेत इतकी. शिलाईघराच्या अंगणात माणसं मावेनात तेव्हा ती भिंतीवर चढली. त्यातले अर्धे चेहरे नुझहतच्या रोजच्या ओळखीचे होते. दूधवाला होता. मुनीबाला, तिच्या लेकीला, कुराण शिकवणाऱ्या मास्तरांचा मुलगा होता. राखीलला झुबैदाखालानं भिंतीशी आपल्या मागं घेतलं होतं.

मशिदीच्या कमिटीतले हाजीसाहेब आत आले. पांढरी दाढी, मऊ आवाज. त्यांनी हिरवा तुकडा रुमालात उचलून घेतला, चेंडूपासून अलगद सोडवून, आणि मग विचारलं, "बेटी, तू इथली मुकादम. हा हिच्या हातात कुणी दिला?"

भिंतीवरचे ऐकायला पुढं वाकले. बायका खाली बघत होत्या.

"मला माहीत नाही," नुझहत म्हणाली. "तिनंच घेतला असेल."

राखीलनं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. घराबाहेर पडल्यावर वाटेत थांबून, आपण दाराला कडी घातली की नाही हे आठवताना बाई जशी बघते, तशी ती बघत होती.

पोलीस आले, तिच्या डोक्यावर चादर टाकून घेऊन गेले. तिच्याच जिवासाठी, असं म्हणाले. दिवस मावळायच्या आत ख्रिस्ती वस्ती रिकामी झाली. दोन घरांची दारं जळाली. कुणाची तरी कोंबडी मागं राहिली होती, ती पुढं कित्येक दिवस त्या गल्लीत एकटीच फिरत होती.

शिलाईघर थोडे दिवस बंद राहिलं आणि मग उघडलं. हिरवे तुकडे मशिदीत सन्मानानं सोपवले गेले होते. ठेकेदारानं निरोप पाठवला की त्या जागी कोरा पांढरा तुकडा लावू, ते तुकडे येईपर्यंत बाकीचं शिवत राहा. बायका आल्या, धाग्यांना मेण लागलं. गाणं कुणी काढलं नाही.

दाराशी राखीलचं स्टूल तसंच होतं. समोर तिचा चिमटा, त्यात ज्याच्यातून हिरवा तुकडा सोडवला तो चेंडू. हा तिनं स्वतःच पहिल्यापासून शिवायला घेतलेला, त्यामुळं चेंडू तरी कसला, अर्धी वाटीच ती. दहाबारा झेंडे जोडलेले, दोन्ही सुया धाग्याला लोंबत. कुणी हात लावेना. शेवटी नुझहतनंच तो उचलून लोखंडी कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी मेणाची वडी काढायला तिनं कपाट उघडलं तर वाटी थोडी खोल झाली होती. आपलीच नजर, तिनं मनाशी म्हटलं. त्या दिवशी तिनं शेवटचा झेंडा लक्षात ठेवला. लाल, मधे पांढरा चांद. पुढच्या सकाळी बघितलं तर चांदाच्या पुढं निळा जोडलेला. नव्या टाक्यांवरचं मेण अजून बोटाला चिकटत होतं, आणि टाके सगळे उलट्या बाजूला कललेले.

कुणाची तरी थट्टा असेल, असं धरून तिनं एकेकीकडं निरखून बघितलं. पण थट्टा करण्याइतकी जिवंत तिथं कुणी दिसत नव्हती. आणि किल्ली तर तिच्याच कमरेला होती. तिनं ब्लेड घेतलं, निळा झेंडा उसवला, धागा ओढून टाकला. सकाळी तो पुन्हा जोडलेला होता, आणि त्याला लागून आणखी एक.

मग तो आवाज.

दुपारच्या नमाजाला बायका सुया खाली ठेवायच्या, हात धुवायच्या आणि मागच्या भिंतीशी चटया पसरून ओळीनं उभ्या राहायच्या. तेवढा वेळ शिलाईघरात मागच्या कालव्याच्या पाण्याखेरीज काही ऐकू यायचं नाही. त्या दुपारी हात बांधून उभं राहिल्यावर नुझहतला ऐकू आलं: सर्रर्र. मेण लावलेला धागा चामड्यातून ओढला जातो तो आवाज. थोडं थांबून, सर्रर्र. टाका आवळताना दोन्ही हात पसरायला जेवढा वेळ लागतो तेवढंच थांबून.

सुया सगळ्यांच्या जमिनीवर होत्या. आवाज कपाटातून येत होता.

ती सजद्यात गेली, कपाळ चटईला टेकलं, आणि डोळे मिटून तिनं कुराणातल्या आयती म्हणायचा प्रयत्न केला. शब्द पुढं जाईनात. शेजारी झुबैदाखालाचं कपाळही जमिनीला टेकलेलं होतं, आणि ते बाकीच्या उठल्या तरी उठलं नाही.

"तुलाही येतो ना ऐकू?" चटई गुंडाळताना खाला हळूच म्हणाली.

"काय?"

खाला आपल्या स्टुलावर जाऊन बसली. थोड्या वेळानं, आपल्या चिमट्याकडं बघतच, म्हणाली की आपण सगळ्यांनीच दिलं गं ते तिला, एकटी तू नव्हतीस. आपल्याच पाप न लागण्याच्या हौसेनं दिलं. तू एकदा बोललीस ना, तर मी पण तुझ्यामागं बोलेन. म्हातारी झाले, माझं काय घेणार आहेत. नुझहतनं ऐकलं न ऐकलंसं केलं.

त्या आठवड्यात राखीलची सासू मार्था आली. शिलाईघरात नाही, घरी, आणि तीही मागच्या दारानं. डोक्यावरून चादर पुढं ओढलेली. ती कुठं लपून राहतेय हे नुझहतनं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आत ये म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच बसली. राखीलला भेटू देत नाहीत, तिचा नवरा दूर कुठं तरी आहे, वकील मिळत नाही, असं तिनं सपाट आवाजात सांगितलं. मग म्हणाली:

"बाजी, मी काही मागायला आले नाही. थानेदार येईल विचारायला. तुम्ही एवढंच म्हणा, मी दिलं, कामाचा भाग म्हणून दिलं. एवढंच. तिनं घरी येऊन सांगितलं होतं मला, बाजी म्हणाल्या, मी आहे ना."

नुझहतनं चहा आणून तिच्यासमोर ठेवला. म्हातारीनं पेल्याला हात लावला नाही. बघते, नुझहत म्हणाली. मार्था उठली, तिच्या गुडघ्यांचा कट्ट आवाज झाला, आणि ती शेताच्या बांधावरून निघून गेली. चहावर साय धरली.

नवऱ्याला, नझीरला, तिनं रात्री हे सांगितलं. तो रिक्षा चालवायचा. स्टँडवर काय काय बोललं जातं ते त्याला ठाऊक होतं. तू मुसलमान आहेस म्हणून तुला सोडतील असं समजू नकोस, त्यानं सांगितलं. जो तिच्या बाजूनं बोलला तो तिच्यातलाच. मग झोपलेल्या मुनीबाकडं बघून त्यानं एवढंच म्हटलं, "हिला शाळेत कोण सोडणार मग?"

त्याचं चुकत नव्हतं. तेच वाईट होतं.

थानेदार सकाळी उन्हं चांगली वर आल्यावर शिलाईघरात आला. जाडा, घामट, फारसा वाईट माणूस नव्हता. बाहेर वकास आणि त्याच्याबरोबरची चार पोरं मोटरसायकलींवर बसून होती. थानेदारानं खुर्ची मागितली, कागद मांडीवर घेतला आणि त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "बीबी, खरं काय ते सांगा. तुमच्या एका वाक्यावर आहे. मलाही रात्री झोप लागू दे."

बायकांचे हात पसरलेले होते ते तसेच हवेत राहिले.

नुझहतनं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. तिनं ते आदल्या रात्री मनात इतक्यांदा म्हटलं होतं की त्याची चव जिभेवर आली होती. मी दिलं. बाहेर एका पोरानं मोटरसायकल नुसतीच घुमवली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

सर्रर्र.

"तिनं कधी उचललं, मी बघितलं नाही."

सर्रर्र.

"मी कुणाला काही दिलेलं नाही."

सर्रर्र, आणि त्यानंतर दात लावून धागा तोडल्याचा बारीक आवाज.

थानेदारानं लिहून घेतलं. त्याला काही ऐकू आलं नव्हतं. त्यानं झुबैदाखालाकडं बघितलं, तेव्हा खालानं नुझहतकडं बघितलं आणि डोळे खाली घातले. बाकीच्यांना त्यानं विचारलंच नाही.

सगळे गेल्यावर नुझहतनं कपाट उघडलं.

चेंडू पुरा झाला होता. गोल, घट्ट. झेंड्याला झेंडा भिडलेला, आणि हिरव्याच्या जागी कोरा पांढरा तुकडा. कोरे तुकडे अजून आलेले नव्हते.

शेवटची गाठ कुठं आहे ते तिनं शोधलं. प्रत्येक चेंडूला ती असते, कितीही लपवली तरी सरावलेल्या अंगठ्याला लागते. हिला लागली नाही. आत रबराचं ब्लॅडर घातलेलं नव्हतं, हवा भरायचं भोकही नव्हतं, तरी चेंडू भरलेला होता. तिनं दाबला. तो दबला, आणि सावकाश परत आला. मग आपणहून थोडा दबला, आणि परत आला.

कोमट होता.

तिनं तो कानाला लावला.

आत कुणी तरी बोलत होतं. खूप लांबून, रजईखालून बोलावं तसं. नुझहतनं श्वास धरला. आवाज तिचाच होता.

मी दिलं. मी दिलं. मी दिलं.

बाहेर टेम्पोनं हॉर्न दिला. मागच्या खेपेचा माल न्यायला ठेकेदाराचा माणूस आला होता. तो दारातूनच म्हणाला की कोऱ्या तुकड्यांचं पोतं आणलंय, उतरवून घ्या, आणि तयार असेल ते पटपट भरा, बंदराची गाडी थांबणार नाही.

ब्लेड तिच्या हाताशी होतं. एक टाका कापला असता तरी पुरे होतं. तिनं पात्याचं टोक पांढऱ्या तुकड्याच्या कडेला टेकवलंही. आतला आवाज गप्प झाला. वाट बघत असल्यासारखा गप्प.

टेम्पोच्या पलीकडं, रस्त्याच्या कडेला, वकासबरोबरची पोरं अजून उभी होती.

तिनं ब्लेड खाली ठेवलं. चेंडू पोत्यात टाकला, त्यावर दुसरे टाकले, पोत्याचं तोंड स्वतःच्या हातानं शिवलं.

टेम्पो निघून गेल्यावर तिला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची तिला नंतर जेवढी लाज वाटली तेवढी खोटं बोलल्याचीही वाटली नाही. झुबैदाखाला दुसऱ्या दिवसापासून कामाला आली नाही. आवाज बंद झाला. दुपारचा नमाज शांतपणे व्हायला लागला. एकदा घरी एकटी असताना नुझहतनं ते वाक्य म्हणून बघितलं. बाजाराचं, भाजीचं, पोरीला रागवायचं, सगळं बोलता येत होतं. तेवढंच येईना. ओठ मिटायचे आणि मिटलेलेच राहायचे, आणि आरशात बघितलं तर दोन्ही ओठांच्या काठाकाठानं सुईच्या टोकाएवढे ठिपके, ओळीनं, एका बाजूला कललेले. धुतले की पुसट व्हायचे.

खटला चालला. फार चालला नाही. निकाल लागला त्या दुपारी चौकात मिठाई वाटली गेली आणि एक बर्फीचा पुडा नझीरच्या घरीही आला. नुझहतनं तो फळीवर ठेवला. ती पाणी भरून येईपर्यंत मुनीबानं त्यातली एक वडी खाल्ली होती आणि बोटं चाटत ती विचारत होती, अम्मी, आज कुठला सण आहे?

नुझहत पीठ मळायला बसली. अंगणात ऊन होतं. कणीक अजून एकजीव व्हायची होती.

पहिला दणका तिच्या तोंडावर बसला.

ती मागं भिंतीवर आदळली. समोर कुणी नव्हतं. अंगण मोकळं, दार लावलेलं. खालचा ओठ फुटून रक्त हनुवटीवरून कणकेत ठिबकलं. ती उठायच्या आत दुसरा बसला, गालावर. तो मारल्यासारखा नव्हता. कुणी तरी मजेत, पळत येऊन, बुटाच्या चवड्यानं चेंडू टोलवावा तसा होता.

मुनीबा धावत आली. आपल्या ओढणीचं टोक पाण्यात बुडवून तिनं आईच्या ओठावर धरलं.

"कुणी मारलं अम्मी?"

नुझहतनं तोंड उघडायचा प्रयत्न केला. ओठ सुटले नाहीत.

मुनीबानं मान तिरकी केली, काही तरी ऐकत असल्यासारखी. "केवढी माणसं ओरडतायत," ती म्हणाली. "कुठं गं, अम्मी? आणि शिट्टी कोण वाजवतंय?"

नुझहतला काही ऐकू येत नव्हतं. तिनं घाईनं, कणकेनं भरलेले दोन्ही तळवे उचलून चेहऱ्यासमोर धरले.

अम्मी दुआ मागतेय असं समजून, तिच्या शेजारी गुडघे टेकून, मुनीबानंही आपले दोन्ही हात वर केले.